तळाखालची चिठ्ठी

लायल डिरीनच्या हातची डबी नाही असं घर आमच्या ब्रॅकन पॉइंटमध्ये शोधूनही सापडायचं नाही. पोर जन्मलं, डबी. पोर एकवीस वर्षांचं झालं, डबी. लाकडाच्या मिलमधून कुणी रिटायर झालं, डबी. पबवाल्या ड्यूकने दातांची कवळी बसवून घेतली तेव्हा कवळी ठेवायला डबी. त्याच आठवड्यात ड्यूकची बायको त्याला सोडून गेली, तर जाताना तिलाही एक. लायल कुणाचीच बाजू घ्यायचा नाही.

मी त्याच्या समोर राहते. रस्त्याच्या या अंगाला मी, त्या अंगाला तो. त्याच्या घरामागे शेड, शेडमागे त्याच्या बायकोने, ऑड्रीने, लावलेली सफरचंदाची अकरा झाडं आणि त्यांच्या मागे नदी. माझ्या घराला लागून गावचं दुकान, त्यात पोस्टाची खिडकी आहे, ती तेवीस वर्षं मी सांभाळते. म्हणजे कुणाला वकिलाची नोटीस आली, कुणाच्या नवऱ्याला होबार्टहून अत्तराचा वास मारणारी पाकिटं येतात, हे आधी मला कळतं आणि मग, माझ्या कृपेने, गावाला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. माझी सासू हे भर जेवणाच्या टेबलावर सांगायची, पाहुण्यांना बटाटे वाढता वाढता.

डबी म्हणजे दोन मुठी मावतील एवढी वस्तू. ब्लॅकवूडची असली तर काळपट, मर्टलची असली तर तांबूस. चारही बाजू एकाच पट्टीतून कापलेल्या, त्यामुळे लाकडातली रेघ एका बाजूवरून निघते, कोपरा वळते, पुढच्या बाजूवर जाते, असे तीन कोपरे न तुटता फिरते. चौथ्या कोपऱ्यात पट्टीचं डोकं आणि शेपूट समोरासमोर येतात आणि रेघ जुळत नाही. कुणाच्याच डबीत जुळत नाही, त्याला इलाज नाही. तो कोपरा भिंतीकडे करून ठेवायचा असा लायलचा दंडक. चहाला कुणाकडे गेला की बसायच्या आधी डबी फिरवून ठेवायचा. झाकण वर ठेवून सोडलं की ते दाबावं लागत नसे, आपल्या वजनाने हळूहळू खाली उतरायचं आणि आतली हवा बारीक सुस्कारा टाकून बाहेर यायची, जेवून उठलेल्या म्हाताऱ्यासारखी.

आणि तळ सुटा. हिरवं फेल्ट चिकटवलेली पातळ फळी, नखाने उचलली की निघते. तिच्याखाली चिठ्ठी. लाकूड कुठलं, डबी कुणासाठी, आणि एक ओळ. गावात कुणाला डबी मिळाली की आत काय ठेवायचं हा प्रश्न मागाहून. आधी तळ उचलायचा आणि चिठ्ठी मोठ्याने वाचायची. ड्यूकच्या चिठ्ठीत होतं, ‘मर्टल. ड्यूकच्या दातांसाठी. हे तरी रात्री घरी राहोत.’ बायको का गेली ते यावरून समजून घ्या.

माझी डबी मी सोळा वर्षांची असताना नेटबॉलच्या फायनलनंतर मिळाली. ‘ब्लॅकवूड. रेलीनसाठी. झाकण घट्ट बसतं. शिकण्यासारखं आहे.’ रेलीन मी, गावात सगळ्यांची ‘रे’. सगळी टीम हसली. सगळ्यात जोरात हसली ती लायलची मुलगी रोवीना, आमची रो. फायनलमधले निम्मे गोल तिचे होते. तिला डबी मिळाली नव्हती.

तिला कधीच मिळाली नाही. खरी गोष्ट ही आहे.

असं नव्हतं की बापाचं लेकीवर प्रेम नव्हतं. उलट झालं होतं. रोवीना जन्मली त्या वर्षी नदीला मोठा पूर आला आणि वरच्या खोऱ्यातून, कुणी कधी तोडून विसरलेला, ह्यूऑन पाइनचा एक ओंडका वाहत येऊन लायलच्या धक्क्याला अडकला. हे झाड वर्षाला केसाएवढं जाड होतं. एवढा ओंडका म्हणजे झाड हजाराच्या पुढचं. लायलने मिलमध्ये तो चिरून घेतला. बाकीचं लाकूड नावा बांधणाऱ्यांनी नेलं, पण मधली एक फळी त्याने ठेवून घेतली. मधासारखी पिवळी, अंगभर पक्ष्यांच्या डोळ्यांसारखे ठिपके, आणि वास असा की शेडचं दार उघडं असलं की मला माझ्या ओट्यावर यायचा. ही रोच्या डबीची, असं त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं. फळी पलंगाखाली गेली.

एकविसाव्या वाढदिवसाला हॉलमध्ये सगळं गाव. केक कापला, गाणं झालं, सगळे लायलकडे बघतायत. तो उठला आणि म्हणाला, फळी अजून पुरती सुकली नाही. लोक खो खो हसले. रोसुद्धा हसली. तिच्या प्लेटमधला केक तसाच राहिला होता. मी तेव्हाही बघत होते. मी नेहमीच बघत असते. फळी तोवर एवढी वाळली होती की तिच्यावर टिचकी मारली तर घंटेसारखी वाजायची. तो घाबरत होता. एक चुकीचा काप आणि हजार वर्षांचं झाड फुकट. इतरांच्या डब्या चुकल्या तर चुकल्या, चुलीत टाकून दुसरी. हिची चुकली तर दुसरी फळी नाही.

रो उत्तरेला टाउन्सव्हिलला गेली, तिथे लग्न केलं. लग्नाला बापाने टोस्टर पाठवला. तोही माझ्याच खिडकीतून. मी म्हटलं, लायल, टोस्टर? तो म्हणाला, या वर्षी हवा दमट आहे.

मग ऑड्री गेली. अंत्यविधी होबार्टला झाला, राख आली त्या दिवशी घरी माणसं जमली, मी सँडविच लावत होते. रोने बापाला बोलवायला शेडमध्ये पाय टाकला. बाकावर ताजी डबी होती, वॉर्निश न सुकलेली. तिने सवयीने तळ उचलला. ‘मर्टल. बिस्किटसाठी. पोस्टाच्या बाईला चावल्याबद्दल गावातर्फे आभार.’ बिस्किट हा जनावरांच्या डॉक्टरचा कुत्रा, त्याच आठवड्यात मेलेला. पोस्टाची बाई कोण, ते सांगायला नको. ही त्याच्या राखेची डबी होती. आणि स्वयंपाकघरात टेबलावर ऑड्री होती, स्मशानवाल्यांनी दिलेल्या करड्या प्लास्टिकच्या बरणीत, बाहेर नावाचं स्टिकर. ऑड्रीलाही त्या फळीचीच डबी करायची असं लायलने ठरवलं होतं आणि कापायला हात धजला नव्हता.

रो घरात आली, कोट घातला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “कुत्र्याचं लाकूड बरं वेळेवर सुकलं, बाबा.” तेवढंच. नंतर नऊ वर्षं दोघांत बोलणं नाही. ख्रिसमसला कार्डही नाही. असतं तर मला कळलं असतंच.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जानेवारीत, लायलचा हात थरथर कापायला लागला. कपातून चहा बशीत. होबार्टच्या डॉक्टरने सांगितलं, हे वाढणार, थांबणार नाही. मी त्याला म्हटलं, आता ड्यूकला हसायला कुणीतरी मिळालं. तो हसला नाही. दोन दिवसांनी सकाळी माझ्या ओट्यावर तो वास आला. मी कपडे वाळत घालायचे सोडून रस्त्याच्या पलीकडे गेले. लायलने फळी बाकावर घेतली होती आणि करवत चालवत होता. उजवा हात डाव्याने धरून.

डबी करायला त्याला दोन महिने लागले. पूर्वी एका शनिवार-रविवारचं काम. सकाळी तास-दीड तास हात जरा शांत असायचा, तेवढ्यात जे होईल ते. रंधा मारताना निघालेली सालंसुद्धा त्याने खोक्यात भरून ठेवली. आतून काही लावलं नाही, तेल नाही, वॉर्निश नाही. लावलं तर वास कोंडतो, तो म्हणाला, आणि तिने झाकण उघडल्यावर आधी नदीचा वास यायला हवा. मला बघू दिली. तीन कोपरे तर जुळलेच होते. चौथ्या कोपऱ्यातही ठिपके असे आले होते की बारकाईने बघितल्याशिवाय कळू नये. मी तळाकडे नख नेलं तर त्याने माझ्या हातावर चापट मारली.

“तुझं नाव आहे का वर? मग?”

मे महिन्यात रोचा पन्नासावा वाढदिवस. तो डबी खोक्यात घालून खिडकीवर आला, सही घेऊनच द्यायचं अशा टपालाने पाठवायला. फॉर्म मी भरला, त्याच्या हाताला चौकोनात अक्षर मावत नव्हतं. मी त्याला चिडवलं, की एकोणतीस वर्षं उशिरा पोचणारं हे माझ्या खिडकीतलं पहिलं पार्सल, आणि या वेळी चूक पोस्टाची नाही. त्याने खोक्यावर हात ठेवला तो काढेचना.

“परत आली तर मला लगेच सांग,” तो म्हणाला. “मी घेऊन जाईन. हातात देईन तिच्या.”

“विमानाने? तू? तू होबार्टच्या लिफ्टमध्ये बसत नाहीस.”

“बसेन. तू फक्त सांग. एवढं तरी तुझ्याच्याने होईल ना, रे? सांगणं?”

मी म्हटलं, आजवर कधी कमी पडलेय का.

आठवडाभरात कम्प्युटरवर आलं, पोचलं, सही झाली. मी दुकान उघडं टाकून त्याच्या शेडपर्यंत पळत गेले. तो बाकाला धरून उभा राहिला. मग टोपी घातली आणि पबमध्ये जाऊन सगळ्यांना सांगितलं की रोने डबी घेतली. ड्यूकने सगळ्यांना एकेक बियर दिली. ड्यूक फुकट बियर देतो म्हणजे काय ते आमच्या गावात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

नंतरच्या पंधरवड्यात लायलने केस कापून घेतले, खिडक्या धुतल्या, रोच्या जुन्या खोलीतली शिलाईची मशीन बाहेर काढली. कापऱ्या हाताने भिंतीला रंग दिला, अर्धा भिंतीला, अर्धा स्वतःला. शेडमधला टेलिफोन घंटा ऐकू यावी म्हणून घराच्या पुढच्या दारात आणून टांगला. ऑड्रीच्या झाडांच्या सफरचंदांचा मुरंबा केला आणि एक बाटली मला दिली. ती दिली जूनच्या तीन तारखेला सकाळी साडेनवाला. दहा वाजता टपालाची गाडी आली आणि तिच्यात ती डबी होती.

खोकं तेच. चिकटपट्टी तीच, न उघडलेली. पत्त्यावर जाड पेनने काट मारलेली आणि बाजूला रोचं अक्षर, शाळेत माझ्या वहीतून उत्तरं उतरवायची तेच: ‘नको. ज्याने पाठवली त्याला परत.’

मी खोकं घेऊन दारापर्यंत गेले, एवढं मी माझ्या बाजूने सांगते. समोर लायल शिडीवर चढून पन्हाळीतली पानं काढत होता आणि शीळ घालत होता. ऑड्री गेल्यापासून ती शीळ मी ऐकली नव्हती. मी परत आत आले आणि खोकं खिडकीखालच्या फळीवर, ख्रिसमसच्या कागदांच्या गुंडाळ्यांमागे सारलं. म्हटलं, उद्या सांगू. त्याला शिडीवरून उतरू दे.

उद्या तो आणखी खुशीत होता. परवा शनिवार. मग मी स्वतःला सांगितलं, रो चिडकी आहे, महिन्याभरात तिचं तिलाच वाटेल आणि ती फोन करेल, मग डबी पुन्हा पाठवू, कुणाला काही कळायचं नाही. आयुष्यभर जे पोटात ठेवता आलं नाही ते या एका खोक्याच्या बाबतीत आलं. नवऱ्यालासुद्धा बोलले नाही. खरं सांगते, मला माझा अभिमान वाटत होता. सासू असती तर तिला दाखवलं असतं.

जून गेला, जुलै गेला. दारात टांगलेला टेलिफोन वाजला नाही. लायलने शीळ बंद केली. काही विचारायला आला नाही, आणि विचारत नाही म्हणजे बरा आहे असं मी धरून चालले.

मेलबर्नचं एक जोडपं उन्हाळ्यापासून त्याच्या घराभोवती घिरट्या घालत होतं. नदीकाठी जागा हवी होती त्यांना, सुट्टीत लोकांना भाड्याने द्यायला. लायल त्यांना दारातूनच परत पाठवायचा. ऑगस्टच्या सात तारखेला तो खिडकीवर आला आणि लांबट जाड पाकीट पुढे केलं. वर होबार्टच्या वकिलाचा पत्ता.

मी विचारलं, हे काय.

“घर,” तो म्हणाला. “सही केली.”

मी हसले. मला वाटलं, चिडवतोय.

“एकट्याने नाही जमत आता, रे. शिडीवरून दोनदा पडलो, तुला दिसलं नाही म्हणून बरं, नाहीतर पेपरात आलं असतं. मी रोला विचारलं होतं. तळाखालच्या चिठ्ठीत. घर, शेड, आईची झाडं, काहीही हवं असेल तर जुलैअखेर फोन कर, मी विकणार नाही. नसेल तर नको करू, मी समजेन.” तो पाकिटाच्या कडा सरळ करत होता. “ती चिठ्ठी वाचणार नाही असं तर होणार नाही. या गावात जन्मलेली पोर आहे, आधी तळच उचलणार. वाचलं तिने. उत्तर आलं मला.”

माझा गुडघा त्या वेळी खोक्याला टेकलेला होता. वाकायचं आणि वर ठेवायचं, एवढंच काम. मी म्हटलं असतं, लायल, तिने वाचलं नाही, उघडलंही नाही, ही बघ पट्टी. तो मला शिव्या घालून विमानात बसला असता. पण शिव्यांच्या आधी तो विचारणार होता, कधी आली? आणि त्याचं उत्तर जूनची तीन तारीख होतं, मुरंब्याचा दिवस. ती बाटली संपवून, धुऊन, मी त्यात बटणं ठेवली होती.

मी पाकिटावर शिक्का मारला. म्हटलं, चार वाजता गाडी येते, त्याच्या आत काहीतरी करू. चारला गाडी आली आणि गेली.

नऊ तारखेला दुपारी दुकान बंद करून फॉर्मवरचा नंबर फिरवला. रोने माझा आवाज लगेच ओळखला. म्हणाली, तू फोन केलास म्हणजे कुणीतरी मेलंय. मी म्हटलं कुणी नाही, डबीबद्दल. तिचा आवाज बदलला.

“त्याने तुला सांगितलं फोन करायला?”

“नाही.”

“मग तू कशाला? रे, तुला सोळाव्या वर्षी डबी मिळाली. ड्यूकच्या दातांना मिळाली. मी पन्नास वर्षांची झाल्यावर टपालाने? टोस्टरसारखी?” मग जरा थांबून, “मला वाटलं होतं तो चिडेल. फोन करून चार शब्द सुनावेल. दोन महिने वाट बघितली मी. त्याला तेवढंही वाटलं नाही.”

तेव्हा मी बोलले. सगळं, तारखेसकट. तिने मग विचारलं, खोकं कुठे आहे. मी म्हटलं, माझ्या मांडीवर.

“उघड. वाच.”

मी पट्टी कापली. झाकण उचललं आणि बंद दुकानात नदीचा वास पसरला. तळ नखाने निघाला. चिठ्ठीतलं अक्षर एवढं कापरं होतं की मी अडखळत वाचलं, पहिलीतल्या पोरासारखी.

‘ह्यूऑन पाइन. तू जन्मलीस त्या पुरातली. रोवीनासाठी. फळी केव्हाच सुकली होती. मी भीत होतो.’ आणि खाली घराचं, जुलैअखेरचं.

“आज तारीख काय आहे गं?” रोने विचारलं.

मी सांगितली. तिने फोन ठेवला.

अर्ध्या तासाने, मी डबी खोक्यात घालून घरी ओट्यावर येऊन उभी होते, तेव्हा समोर दारात टांगलेला तो टेलिफोन वाजला. लायलला फोनपर्यंत पोचायला वेळ लागला. मला ऐकू काही आलं नाही, दिसलं फक्त. तो एकदाच बोलला, मग ऐकत राहिला, मग त्याने मान वळवून माझ्या घराकडे बघितलं.

तो रस्ता ओलांडून आला तेव्हा डोक्यावर टोपी नव्हती. हात पुढे केला. मी खोक्यासकट डबी दिली. त्याने कापलेल्या पट्टीवरून अंगठा फिरवला.

“चिठ्ठी तू वाचलीस.”

मी म्हटलं, तिनेच सांगितलं वाच म्हणून.

“हो,” तो म्हणाला. “तीही तेच म्हणाली.”

आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

घराचं काही होऊ शकलं नाही. लायलने वकिलाला फोन केला, रोने मेलबर्नला केला. घर घेणाऱ्या बाईंना फार वाईट वाटलं, त्यांनी रोला फुलं पाठवली, पण त्यांनी आपलाही फ्लॅट विकून टाकला होता. सप्टेंबरमध्ये रो आली, चार दिवसांसाठी. रंग दिलेल्या खोलीत झोपली. सामानाच्या खोक्यांमध्ये बापाने तिला डबी दिली, हातात, म्हणाला होता तशी. फक्त मध्ये एक माणूस टेप घेऊन शेड मोजत होता आणि त्याला विचारत होता की हा ओटा फोडला तर खाली काँक्रीट आहे का. दोघं झाडांखाली बसलेली दिसायची. बोलताना फारशी दिसली नाहीत. नुसतं नऊ वर्षांचं भांडण असतं तर चार दिवसांत भांडून संपलं असतं. पण आपलंच खरं म्हणून भांडायला आता दोघांपैकी कुणी उरलंच नव्हतं. दोघांनाही चूक तिसऱ्याच माणसाची सापडली होती, आणि आपलीही ठाऊक होती.

जायच्या दिवशी ती दुकानात आली. मी बाहेर येऊन तिला मिठी मारायला गेले. ती मागे सरली.

“मी डबी बाबाला परत पाठवली होती, रेलीन,” ती म्हणाली. “तुला नव्हती पाठवली.”

लायल आता चर्चमागच्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांमध्ये राहतो. एक खोली, एक ओटा, शेड नाही. करवतीला तिथे परवानगी नाही, आवाज होतो. ऑड्री फ्रिजवर आहे, त्याच बरणीत; एकदा दार उघडं होतं तेव्हा मला दिसली. त्याच्या शेडच्या जागी गरम पाण्याचा हौद झालाय. पाहुणे त्यात बसून नदी बघतात. चाव्या माझ्याकडे असतात, दोन पाहुण्यांच्या मधली साफसफाई मी करते, नाही म्हणायला तोंड नव्हतं. त्या फळीचा उरलेला तुकडा त्यांना पलंगाखाली सापडला. त्याचा चीज कापायचा पाट केलाय, वर चकचकीत वॉर्निश. मी एकदा नाक लावून बघितलं. काही नाही, वास दुकानातल्या कुठल्याही पाटासारखा.

दर गुरुवारी लायल खिडकीवर येतो, आपली पत्रं घ्यायला. टाउन्सव्हिलहून महिन्यातून एक येतं. पाकिटं पातळ असतात. ती मी प्रकाशासमोर धरत नाही, हेही लिहून ठेवते. पन्नास वर्षं तो मला रे म्हणायचा, अगं-तुगं करायचा, चापट मारायचा. आता टोपी काढतो. “नमस्कार, मिसेस ट्रिफेट. तुमची तब्येत बरी ना?” मी म्हणते बरी. तो म्हणतो, छान.

गेल्या गुरुवारी त्याच्या पुढे रांगेत हौदातलं एक जोडपं होतं, सिडनीकडचं. बाईंच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये ड्यूकच्या कवळीच्या डबीचा फोटो. ड्यूक पबमध्ये ती सगळ्या परगावच्यांना दाखवतो. बाईंना तशा सहा हव्या होत्या, घरी भेटी द्यायला, हातच्या. करणारा माणूस कुठे भेटेल, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, आता होत नाहीत. लाकूड संपलं.

खरंच? बाई म्हणाल्या. एवढी जंगलं आहेत इथे आणि लाकूड संपलं? त्यांनी मागे वळून लायलकडे बघितलं, गावचा माणूस म्हणून.

लायलने टोपी काढली. ती त्याच्या हातात थरथरत होती.

“मिसेस ट्रिफेट सांगतात ना, मग तसंच असणार,” तो म्हणाला. “आमच्या गावात सगळ्या गोष्टी आधी त्यांनाच कळतात.”

बाईंनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं आणि सहा पोस्टकार्डं घेतली. मी त्यांच्यावर तिकिटं लावून दिली. मग लायलची पत्रं काढली, विजेचं बिल आणि एक पातळ पाकीट, आणि काचेखालून त्याच्याकडे सरकवली.